डायरी मालकिणीची, साक्ष कुणाची?

सरदार-जमीनदार घराण्यातल्या बाईनं युद्धकाळात लिहिलेली डायरी चर्चेला आली की आपल्याकडे वाचणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक तट भारावून जातो. काय ते धैर्य, काय ती माणुसकी, बॉम्ब पडत असताना परक्या मुलांना पोटाशी धरणारी ही माउली! दुसरा तट पहिल्या चार पानांतच नाक मुरडतो. घरात स्वयंपाकी, दाया, माळी. शेतात राबणारी कुळं. आणि रात्री टेबलाशी बसून लिहायला सवड असलेली मालकीण. हिच्या वहीला इतिहास का म्हणायचं? इटलीतल्या आयरिस ओरिगो या मार्केझाच्या (म्हणजे उमराव घरच्या बाईच्या) 1943-44 च्या डायरीबद्दल हे दोन्ही सूर मी इतक्यांदा ऐकले आहेत की आता कोण काय म्हणणार हे आधीच कळतं. दोघांचीही चूक एकच. दोघं त्या बाईचं चारित्र्य तपासत बसतात आणि निकालही तिच्या चारित्र्यावरच देतात. साक्षीदार किती भला, यापेक्षा तो कुठं उभा होता आणि तिथून त्याला काय दिसत होतं, हे आधी विचारायला हवं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ही डायरी जर्मनव्याप्त इटलीचा अव्वल पुरावा आहे, आणि तिच्या लेखिकेचं मालकीणपण हेच त्याचं मुख्य कारण आहे.

आधी हकीकत. आयरिसचा जन्म 1902 चा, इंग्लंडमधला. वडील धनाढ्य अमेरिकन, आई अँग्लो-आयरिश उमराव घराण्यातली, बालपण फ्लॉरेन्सच्या डोक्यावरच्या फिएझोलेतल्या व्हिलात. 1924 मध्ये तिनं अंतोनिओ ओरिगोशी लग्न केलं आणि दोघांनी दक्षिण टस्कनीच्या वाल दोर्चा खोऱ्यात ला फोचे नावाची उजाड, मातीची धूप होऊन भेगाळलेली इस्टेट घेतली. सुमारे सात हजार एकर जमीन, आणि तिच्यावर पुढं 57 शेतघरं. एकुलता मुलगा 1933 मध्ये, सात वर्षांचा असताना मेनिंजायटिसनं गेला. डायरी सुरू होते 1943 च्या जानेवारीअखेर, जिनोआच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेली लहान मुलं रात्री उशिरा इस्टेटीवर पोचतात तिथून. पुढं तुरिनचीही आली आणि आकडा 23 वर गेला. जुलैत मुसोलिनी पडला, 8 सप्टेंबरला इटलीनं दोस्तांशी शस्त्रसंधी जाहीर केली, आणि कालचे मित्र असलेले जर्मन एका रात्रीत देशाचे ताबेदार झाले. युद्धकैद्यांच्या छावण्यांची दारं उघडली; हजारो ब्रिटिश, अमेरिकन, भारतीय, दक्षिण आफ्रिकी सैनिक रानोमाळ पांगले. ते दहा महिने या वहीत आहेत.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातले बरेचसे खरे आहेत आणि भारावलेल्या तटाला ते पचत नाहीत, म्हणून मीच मांडतो. इस्टेट मेझ्झाद्रिया पद्धतीनं चालायची, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीनं: पीक निम्मं मालकाचं, निम्मं कसणाऱ्याचं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण जुन्या करारांत कुळाच्या घरातल्या मुलानं लग्न करायचं तरी मालकाची परवानगी लागायची, आणि वर्षाअखेर हिशेबाची वही मालकाच्या कारभाऱ्याकडंच असायची. शिवाय वाल दोर्चाचं जे नंदनवन झालं त्यात फॅसिस्ट राजवटीचा पैसा होता. 1928 च्या भूसुधारणा कायद्याखाली मोठ्या जमीनदारांना भरघोस अनुदानं मिळाली आणि ओरिगो दांपत्य त्या योजनेचं लाभार्थी होतं. कॅलेंडरांवर छापली जाणारी ती सुरूच्या झाडांची नागमोडी वाट, जिला पर्यटक ‘शेकडो वर्षांचं टस्कनी’ समजून फोटो काढतात, तीही याच मालकांनी याच काळात आखलेली. म्हणजे ज्या राजवटीच्या पापाची फळं ही डायरी नोंदवते, तिच्याच अनुदानावर डायरीतलं घर उभं होतं. हे झाकून ठेवून डायरी वाचणं अप्रामाणिकपणाचं आहे.

त्याहून बोचरा मुद्दा जोखमीचा. पळालेल्या युद्धकैद्याला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड, अशी जर्मन फर्मानं गावोगाव लागली होती. फर्मान सगळ्यांना एकच होतं. पण त्याचा भार सगळ्यांवर सारखा होता का? मार्केझाच्या मागं पदवी होती, रोममधल्या ओळखी होत्या, जर्मन अधिकाऱ्याशी त्याच्या तोलानं बोलता येण्याचा आत्मविश्वास होता. खोऱ्यातल्या कुळाच्या मागं एक गोठा आणि एक गंजी. शेवटी गंजीत कैदी सापडला तर शेतघरच पेटवलं जाणार. धैर्याचा गौरव करायचाच तर दोघांच्या धैर्याचं मोल एकाच मापानं करता येत नाही, हे कबूल करावं लागेल.

मग एवढं मान्य करून ही वही बाजूला का ठेवायची नाही?

कारण व्यापलेल्या मुलखात माहिती ही अन्नाइतकीच दुर्मिळ होते, आणि ती मिळण्याच्या जागा मोजक्याच असतात. ला फोचेचं दार अशी जागा होती. मुक्कामाला जागा मागायला जर्मन अधिकारी तिथं येई. जवळच्या कास्तेल्लुच्चो किल्ल्यात ठेवलेले पन्नासेक ब्रिटिश युद्धकैदी इस्टेटीवर कामाला असत, आणि शस्त्रसंधीनंतर रानातले आणखी कितीतरी कैदी वाट विचारायला येत, कारण बाईंना इंग्रजी येतं ही बातमी रानभर झालेली. लष्करभरती चुकवून जंगलात लपलेल्या मुलांच्या आया येत. रात्री पार्टिझन, म्हणजे जर्मन-फॅसिस्टांविरुद्ध लढणारे बंडखोर, पीठ आणि बूट मागायला येत. सकाळी फॅसिस्ट शिपाई पार्टिझनांची चौकशी करायला. ही सगळी माणसं एका कुळाच्या दारात कधीच आली नसती. कुळाला आपल्या गोठ्यातला आपला कैदी माहीत होता. शेजारच्या गोठ्यात कोण आहे हे माहीत नसणंच शहाणपणाचं होतं, कारण जे माहीत नाही ते मारहाणीतही तोंडून निघत नाही. सगळ्या बाजूंची ये-जा एकाच उंबऱ्यावर नोंदली जाणं हे मालकीच्या जागेमुळंच शक्य झालं. जे स्थान नैतिकदृष्ट्या खटकतं तेच पुराव्याच्या दृष्टीनं मोलाचं ठरतं. इतिहासात हे वारंवार घडतं आणि त्याला इलाज नाही.

दुसरं कारण काळाचं. आठवणी लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. डायरीला तो माहीत नसतो. 22 जानेवारी 1944 ला दोस्त सैन्य रोमजवळच्या आन्झिओला उतरलं, तेव्हा खोऱ्यात सगळ्यांना वाटलं की आता दोन-चार आठवड्यांचाच प्रश्न. रोम प्रत्यक्षात पडलं 4 जूनला. या मधल्या साडेचार महिन्यांचं वाट पाहणं, अफवा, रेडिओला कान लावून बसणं, आज सुटका आणि उद्या पुन्हा निराशा, हे नंतर लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात दोन ओळींत उरकलं जातं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोडसे भटजींनी 1858 चा झाशीचा वेढा आतून पाहिला; पण ‘माझा प्रवास’ लिहिला पंचवीसेक वर्षांनी, आणि तो छापून आला 1907 मध्ये, चिंतामणराव वैद्यांचा हात फिरून. तरीही कुठलाही शहाणा अभ्यासक तो ग्रंथ, दक्षिणेच्या आशेनं निघालेल्या वरसईच्या भिक्षुकाचा आहे म्हणून फेकून देत नाही. तो भिक्षुक कुठल्या पंक्तीत बसला होता हे ध्यानात ठेवून वाचतो. मग इटलीतल्या मार्केझाला वेगळा न्याय का? तिची पानं तर त्याच रात्रीची आहेत, आधी मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत दडवलेली आणि नंतर बागेत पुरलेली. ती सापडली असती तर काय झालं असतं, याची तिला पुरती कल्पना होती.

मालकिणीच्या नजरेला आंधळी जागा असते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर चालणार नाही. पण आंधळी जागासुद्धा कागदावर उमटते. अमेरिकन यादवीतली मेरी चेस्नट घ्या: साउथ कॅरोलिनातल्या बड्या मळेवाल्याच्या घरची सून, शेकडो गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबातली. 1861 च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटनला फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या जात असताना ती लिहून ठेवते की घरातल्या काळ्या नोकरांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. ही माणसं मठ्ठ आहेत, की आपल्याहून शहाणी, गप्प राहून आपली वेळ येण्याची वाट पाहणारी? गुलामांच्या मनात काय होतं ते तिला कळलं नाही. पण ते आपल्याला कळत नाही, आणि त्या न कळण्याची भीती वाटते, हे तिनं लिहिलं. गुलामगिरीच्या शेवटच्या दिवसांत मालकांच्या मनाचा थरकाप कसा होता, याचा याहून चांगला पुरावा गुलामांच्या बाजूनं मिळणं शक्यच नव्हतं. (तिनं ही वही 1880 च्या दशकात बरीच नव्यानं लिहून काढली, हेही सांगायला हवं, ओरिगोच्या वहीचं मोल त्यानं आणखी वाढतं.)

ओरिगो चेस्नटपेक्षा एक पाऊल पुढं जाते. 1947 मध्ये पुस्तक छापताना प्रस्तावनेत तिनं सगळा भर कुणावर दिला? खोऱ्यातल्या शेतकऱ्यांवर. आपल्या घरातलं पोर कुठल्याशा आघाडीवर बेपत्ता असताना दुसऱ्या कुणाच्या पोराला भाकरीचा तुकडा आणि कोरडी जागा देणाऱ्या माणसांवर. मागणारा आणि जमेल तसं देणारा, या दोघांमधलं साधं नातं हेच या वहीचं सार असं ती म्हणते. ज्यांना ही डायरी म्हणजे मालकिणीची आत्मस्तुती वाटते त्यांनी हे वाचलेलं दिसत नाही. आणि जे तिला देवी करून ठेवतात त्यांनी वाचूनही मनावर घेतलेलं दिसत नाही. गौरव करताना ते नेमका तिचाच मुद्दा खोडून काढतात.

आणि स्तुतीच करून घ्यायची असती तर तिनं बऱ्याच गोष्टी वगळल्या असत्या. 22 जून 1944 ला जर्मनांनी सगळ्यांना तळघरातून बाहेर काढून घर खाली करायला लावलं. साठेक माणसं, त्यांत निम्मी पोरं, काही तान्ही, पायी निघाली ती मोन्तेपुल्चानोकडं, तेरा-एक किलोमीटरवर. सूचना दोनच होत्या: रस्त्याच्या मधोमध चाला, कडेला सुरुंग आहेत, आणि घोळक्यानं चालू नका, वरून विमानं सैन्य समजून बॉम्ब टाकतील. कडेला जाऊ नको आणि एकमेकांजवळही राहू नको, असं चार वर्षांच्या मुलाला कसं समजवायचं? मोन्तेपुल्चानोच्या उतारावर गावकरी खाली धावत आले आणि पोरांना खांद्यावर घेऊन वर गेले. या प्रसंगात मार्केझा ही दुसऱ्यांच्या दारात उभी राहिलेली निर्वासित आहे, आणि तिच्या लिहिण्यात त्याची लाज नाही की तोरा नाही. आठवड्याभरानं परतल्यावर घरातलं दृश्य ती नोंदवते: जेवणघरात दारूच्या मेजवानीचं खरकटं तसंच, रिकाम्या बाटल्या, फुटके पेले, त्यांच्या शेजारी तिच्या उन्हाळी टोप्या, बहुधा सैनिकांनी डोक्यावर घालून पाहिलेल्या, आणि खेळणी, उलटंपालटं फर्निचर, शौचाचा कागद. टोप्यांचा तपशील मला फार बोलका वाटतो. लूट सगळेच लिहितात. पण मरणाच्या सावलीतली, विशी-पंचविशीची जर्मन पोरं बायकांच्या टोप्या घालून खिदळत होती, हे त्या टोप्यांची मालकीणच लिहू शकते. आणि जर्मन गेल्यावर आलेल्या सुटकेच्या सैन्याबद्दलही ती हातचं राखत नाही. दोस्तांसोबत लढणाऱ्या फ्रेंच फौजेतल्या मोरोक्कन सैनिकांनी केलेली लूट आणि बलात्कार तिनं तिथल्या तिथं लिहून ठेवले, दोस्तांच्या बाजूची असूनही. इटलीत या विषयावर पुढं कित्येक वर्षं मोकळेपणानं बोललं गेलं नाही.

आता यावर एक ठरलेलं उत्तर येतं: असेल, पण खरा इतिहास खालून लिहिला पाहिजे, राबणाऱ्यांच्या तोंडून. शंभर टक्के मान्य. दलित आत्मकथनांनी आपल्या साहित्याचं काय केलं हे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नव्यानं पटवून देण्याची गरज नाही. फक्त खालचा आवाज एकसुरी असतो ही समजूत सोडून द्यावी लागते. ला फोचेपासून फार दूर नसलेल्या चिवितेल्ला गावात आणि आसपासच्या वाड्यांत 29 जून 1944 ला जर्मनांनी दोनशेहून अधिक माणसं मारली. त्याआधी काही दिवस पार्टिझनांनी गावात जर्मन सैनिक मारले होते. युद्धानंतर सरकारी समारंभांत ‘प्रतिकाराचे हुतात्मे’ अशी भाषणं होऊ लागली तेव्हा गावातल्या विधवांनी त्यांकडं पाठ फिरवली. त्यांच्या लेखी जर्मनांइतकाच दोष पार्टिझनांचा होता. अनेक दशकं दोन आठवणी एका गावात शेजारी शेजारी नांदल्या. यातली ‘खालची’ आठवण कुठली? पार्टिझन तरी कोण होते, शेतकऱ्यांचीच मुलं ना? राबणाऱ्याचा शब्दही साक्षच असतो आणि तोही तपासावा लागतो. न तपासता डोक्यावर घेणं हा त्या माणसाचा सन्मान नव्हे.

इटलीनं स्वतः यावर जे केलं ते आपल्या वादापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे. ला फोचेच्या समोरच्याच डोंगरावर मोन्तिक्येल्लो गाव आहे. 6 एप्रिल 1944 ला तिथं पार्टिझन आणि फॅसिस्ट यांची लढाई झाली आणि सगळं गाव गोळ्या घालण्यासाठी भिंतीशी उभं केलं गेलं, थोडक्यात वाचलं. अर्धेलीची शेती मोडून गाव ओस पडू लागलं तेव्हा, 1967 पासून, तिथल्या लोकांनी चौकात आपलंच नाटक करायला घेतलं: स्वतः लिहायचं, स्वतः वावरायचं, विषय आपलं गाव. ती एप्रिलची घटनाही त्यांनी रंगमंचावर आणली. टायबरच्या खोऱ्यातलं प्येवे सांतो स्तेफानो हे गाव जर्मनांनी माघार घेताना सुरुंग लावून जवळजवळ भुईसपाट केलं. तिथं पत्रकार साव्हेरिओ तुतिनो यांनी 1984 मध्ये सामान्यांच्या डायऱ्यांचं संग्रहालय सुरू केलं. तिथं मान्तुआकडच्या क्लेलिया मार्की या शेतकरी बाईनं लिहिलेलं आयुष्य आहे, चक्क पलंगाच्या चादरीवर. नवरा गेल्यावर ही चादर त्याच्यासोबत वापरायची राहिली, मग निदान लिहायला तरी, म्हणून तिनं शाईनं ती काठोकाठ भरली. ती चादर आणि मार्केझाची वही यांतली एकच निवडा, असं तिथं कुणी म्हणत नाही. चादर भरगच्च आहे म्हणून वही कोरी ठरत नाही.

आपला या खोऱ्याशी संबंध काय, असंही विचारलं जातं. आहे. ओरिगोची डायरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्याच आठवड्यात, शंभर किलोमीटरच्या आत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्री चढाई करत होती. 10 जुलै 1944 ला माणगावजवळच्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे, सगळे साथीदार पडल्यावर, एकटा मशीनगनवर धावून गेला. बॉम्ब फेकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं दोघांना लोळवलं आणि लपलेल्या निशाणबाजाच्या गोळीनं पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोन्तोने गावात आता त्याच्या नावाचं सूर्यघड्याळ आहे. पण हे सगळं मला कुठून कळलं? त्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या सन्मानपत्रातून. इटलीतल्या हिंदी सैनिकांनी घरी काय लिहिलं, हेही बरंचसं उरलं आहे ते सेन्सॉर अधिकाऱ्यांनी पत्रं फोडून, इंग्रजीत उतारे काढून वर पाठवलेल्या अहवालांत. साम्राज्यानं स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेले कागद आहेत ते, मार्केझाच्या वहीपेक्षा कितीतरी जास्त मालकाचे. मालकाचा कागद नकोच म्हणायचं ठरवलं तर कोकणातून आणि देशावरून इटलीला गेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांबद्दल आपल्या हाती काय उरतं? गावच्या पुतळ्याखालच्या दोन ओळी. गुलाम देशातून आलेली ही पोरं दुसऱ्याच्या देशाला मोकळं करायला निघाली होती, हा विरोधाभास ला फोचेच्या बागेतून दिसत नाही, हे खरं. पण तो दाखवायला आधी दोन्ही कागद टेबलावर लागतात.

तेव्हा ही डायरी कुणी मराठीत आणणार असेल तर जरूर आणावी, फक्त प्रस्तावना बागेवर आणि बाईंच्या धीरोदात्तपणावर लिहू नये. ती लिहावी अर्धेलीच्या करारावर. 57 शेतघरांचा नकाशा द्यावा. अनुदान कुणी दिलं ते सांगावं. आणि इटलीत मेझ्झाद्रियाचे नवे करार बेकायदा ठरायला 1964 उजाडावं लागलं, आपल्याकडे मुंबई राज्याचा कूळकायदा 1948 चा, हेही. मोन्तिक्येल्लोच्या चौकातलं नाटक आणि क्लेलियाची चादर, दोन्हींचा भाग परिशिष्टात घालावा, म्हणजे ज्या दारात मार्केझा उभी होती त्या दाराची दुसरी बाजूही वाचकाला त्याच पुस्तकात सापडेल.